एकाच पुठ्ठ्यात देव आणि देश

ग्रंथाची बांधणी हा साहित्यविचाराचा विषय नव्हे, असे आपण सहसा धरून चालतो. मजकूर महत्त्वाचा, पुठ्ठा गौण. परंतु एखादे वेळी पुठ्ठाच असे काही विधान करून जातो की त्याचा परामर्श घेण्यासाठी मजकुरात शिरावे लागते. अमेरिकेत गेल्या दोन दशकांत निघालेल्या दोन बायबलांविषयी आम्हांस लिहावेसे वाटते ते या कारणाने.

पहिले २००९ सालचे. ‘द अमेरिकन पेट्रियट्स बायबल’ या नावाने थॉमस नेल्सन या जुन्या प्रकाशनसंस्थेने ते काढले. जॉर्जिया राज्यातील धर्मोपदेशक रिचर्ड ली हे त्याचे प्रमुख संपादक. मूळ पाठ ‘न्यू किंग जेम्स’ या रूढ भाषांतराचा, त्यात कानामात्रेचाही फरक नाही. मात्र पवित्र शास्त्राच्या पानांबरोबर अमेरिकेच्या इतिहासातील प्रसंग, राष्ट्राध्यक्षांची व सेनानींची वचने, युद्धांच्या आठवणी आणि चित्रे यांची रेलचेल आहे. देवाच्या वचनाने अमेरिका कशी घडवली हे दाखवणे, हा या जोडणीचा जाहीर हेतू.

दुसरे ‘गॉड ब्लेस द यूएसए बायबल’. ली ग्रीनवुड या गायकाच्या देशभक्तिपर गीतावरून त्याला हे नाव मिळाले. २०२१ साली त्याची योजना पुढे आली तेव्हा एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने आपले भाषांतर त्यासाठी देण्यास नकार दिला. त्यापूर्वी निषेधाचा जो सूर उमटला होता, त्यात श्रद्धावान ख्रिस्ती लेखकच पुढे होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी. अखेर जुन्या ‘किंग जेम्स’ भाषांतरावर काम भागवण्यात आले. मार्च २०२४ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी या आवृत्तीचा जाहीर पुरस्कार केला. किंमत साठ डॉलरला एक सेंट कमी. शास्त्राच्या जोडीला स्वातंत्र्याचा जाहीरनामा, संविधान, ‘बिल ऑफ राइट्स’, राष्ट्रध्वजाची प्रतिज्ञा आणि गायकाच्या हस्ताक्षरात गीताचे ध्रुवपद, अशी तिची जाहिरात होती. याच आवृत्तीच्या हजारो प्रती चीनमध्ये छापून आल्याचे वृत्त ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यावर पुष्कळांनी विनोद केले. आम्हांस त्या विनोदात गोडी वाटत नाही. कागद कुठला, शाई कुठली, याने शास्त्राचे काही बिघडत नाही. बिघडते ते निराळ्याच ठिकाणी.

प्राचीन ग्रंथांचे अध्यापन करणाऱ्यांना ‘प्रक्षेप’ हा शब्द रोजचा आहे. मूळ संहितेत मागाहून कोणी घुसडलेला मजकूर तो प्रक्षेप. नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती अशा भरतीला कंटाळूनच, आणि पुढे कोणी तसे करू नये म्हणून त्यांनी ताकीदही देऊन ठेवली. बायबलचे शेवटचे पुस्तक ‘प्रकटीकरण’. त्याच्या अखेरीसही भर घालणाऱ्याला आणि वगळणाऱ्याला सारखाच इशारा आहे. दोन्हीकडील भीती एकच. पूज्य ग्रंथात मिसळलेला शब्द पूज्य होऊन बसतो.

आता कोणी म्हणेल, या आवृत्त्यांत प्रक्षेप कुठे आहे? वचने जशीच्या तशी आहेत. जोडलेला मजकूर वेगळ्या जागी आहे. हे खरे आहे, आणि खरी मेख इथेच आहे. शब्दांत होणारा प्रक्षेप पंडित शोधून काढतो. वाचनात होणारा प्रक्षेप शोधणे त्याहून कठीण. ज्या घरात रोज सायंकाळी एकच ग्रंथ उघडला जातो, त्या घरातील मुलाला मोशे आणि जॉर्ज वॉशिंग्टन एकाच ग्रंथात भेटू लागले, की काही वर्षांनी त्याला दोघे एकाच कथेतले वाटू लागतात. त्याला कोणी खोटे सांगितलेले नसते. केवळ शेजार दिलेला असतो. आणि शेजाराला काय करता येते हे भाष्यपरंपरेत वाढलेल्या आपल्यासारख्यांना सांगायला नको. मूळ श्लोक विसरून टीकाच पाठ झालेली पिढी आपण पाहिलेली आहे.

ही सरमिसळ आजकालची नव्हे, हे आम्ही जाणतो. अमेरिकेच्या राजकीय भाषेचा गर्भच बायबलमध्ये आहे. जुलै १७७६ मध्ये नव्या राष्ट्राची मुद्रा कशी असावी याचा विचार निघाला, तेव्हा बेंजामिन फ्रँकलिनने सुचवलेले चित्र होते तांबड्या समुद्रातून इस्राएल लोकांना पार नेणाऱ्या मोशेचे आणि बुडणाऱ्या फारोचे. जेफरसनने सुचवले ते रानातून चाललेल्या इस्राएलाचे. दोघेही रूढ अर्थाने धर्मनिष्ठ नव्हते. जेफरसनने तर उतारवयात, १८२० च्या सुमारास, शुभवर्तमानांतील वेचे पात्याने कापून, चमत्कार व पुनरुत्थान गाळून, येशूच्या नीतिबोधाचे स्वतःपुरते एक पुस्तक तयार केले. तरीही गुलामीतून सुटणाऱ्या प्रजेचे चित्र हवे म्हटल्यावर दोघांनाही ‘निर्गम’ या पुस्तकाचीच आठवण झाली. त्या समाजाची ती सामायिक भाषा होती. कीर्तनपरंपरेतल्या माणसाला संकटात द्रौपदी आणि गजेंद्र आठवावेत, तसे ते होते. या भाषेला आमचा आक्षेप नाही. एखाद्या समाजाने आपल्या दुःखाला व आशेला आपल्या पूज्य ग्रंथातले शब्द वापरू नयेत, असे म्हणणे साहित्य शिकवणाऱ्याला तरी शोभणार नाही.

आक्षेप आहे तो त्या शब्दांची दिशा फिरवण्याला. दोन उदाहरणे घेऊ.

१६३० साली मॅसॅच्युसेट्सकडे निघालेल्या प्युरिटनांचा पुढारी जॉन विन्थ्रॉप याने आपल्या प्रवचनात मत्तयकृत शुभवर्तमानातील ‘डोंगरावरचे नगर’ ही प्रतिमा वापरली. आपण डोंगरावरच्या नगरासारखे आहोत, असे तो म्हणाला खरा. परंतु त्याचा आशय असा की, सर्वांची दृष्टी आपल्यावर आहे, देवाशी केलेला करार आपण मोडला तर जगात आपली नाचक्की होईल. त्या प्रवचनाचा मोठा भाग परस्परांना सावरण्याविषयी, श्रीमंताने गरिबाचे ओझे उचलण्याविषयी आहे. हे प्रवचन १८३८ पर्यंत छापलेही गेले नव्हते. विसाव्या शतकात राजकारण्यांना त्याचा शोध लागला. रोनाल्ड रेगन यांनी त्या नगराला ‘चकाकणारे’ हे विशेषण जोडले आणि जानेवारी १९८९ मधील निरोपाच्या भाषणात त्याच नगराचे मनोहर वर्णन केले. एक विशेषण आले आणि धास्तीचा अभिमान झाला. विन्थ्रॉपचे नगर उंचावर आहे म्हणून त्याला काही लपवता येत नाही. रेगन यांचे नगर उंचावर आहे म्हणून सर्वांनी त्याच्याकडे पाहावे.

दुसरे उदाहरण फिलाडेल्फियातील प्रसिद्ध घंटेचे. १७५१ साली पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाने ती मागवली, तेव्हा तिच्यावर ‘लेवीय’ या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायातील दहावे वचन कोरायला सांगितले, म्हणजे त्यातला अर्धाच भाग, देशभर सर्व रहिवाशांना मुक्ती जाहीर करावी या अर्थाचा. उरलेला भाग कोरला नाही. तो योबेल वर्षाविषयी आहे. दर पन्नासाव्या वर्षी गहाण पडलेली जमीन मूळ धन्याकडे परत जावी, कर्जापायी विकला गेलेला माणूस आपल्या कुळात परत यावा, अशी ती आज्ञा. म्हणजे घंटेवरचे स्वातंत्र्य हे परक्या राजापासूनचे स्वातंत्र्य नसून आपल्याच गावातील सावकारापासूनचे, आपल्याच धन्यापासूनचे स्वातंत्र्य आहे. पुढे १८३० नंतर गुलामगिरीविरोधी चळवळीतील लोकांनी ते वचन नीट वाचले आणि त्या घंटेला ‘लिबर्टी बेल’ हे नाव दिले. आज राष्ट्राभिमानाचे प्रतीक म्हणून जे नाव घेतले जाते, ते राष्ट्राला लाज वाटावी म्हणून दिले गेले होते.

प्रामाणिकपणे सांगायचे तर त्याच पंचविसाव्या अध्यायात परक्या लोकांतून दास विकत घ्यायला मुभा देणारी वचनेही आहेत, आणि दक्षिणेकडील मळेवाल्यांच्या धर्मोपदेशकांना ती तोंडपाठ होती. शास्त्र एकसुरी नाही. त्यात फारोही आहे आणि दावीद राजाच्या पापाबद्दल त्याला तोंडावर दोष देणारा नाथान संदेष्टाही आहे. प्रश्न असा की राष्ट्राने या ग्रंथातून स्वतःसाठी कोणती भूमिका उचलायची. अमेरिकेला इस्राएल व्हायला नेहमीच आवडले. पण १७९० च्या पहिल्या जनगणनेत ज्या देशात सुमारे सात लक्ष माणसे गुलाम म्हणून मोजली गेली, त्या देशाला ‘निर्गम’ वाचताना आपण कदाचित मिसर आहोत, ही शंका यायला हवी होती. मळ्यावरील गुलामांना ती पहिल्यापासून होती. त्यांच्या गीतांत फारो कोण, हे वेगळे सांगावे लागत नसे.

म्हणूनच १८०७ साली लंडनमध्ये ब्रिटिश वेस्ट इंडीजमधील गुलामांकरिता बायबलची एक खास निवडक आवृत्ती छापली गेली. तिची एक प्रत अमेरिकेत नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठाकडे आहे. तिच्यातून मिसरातून सुटकेची कथा जवळजवळ संपूर्ण काढून टाकली आहे. ख्रिस्ताच्या ठायी दास आणि स्वतंत्र असा भेद नाही, हे गलतीकरांस लिहिलेल्या पत्रातील वचन गाळले आहे. दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावे, हे इफिसकरांस लिहिलेल्या पत्रातील वचन मात्र जागेवर आहे. ही आवृत्ती ब्रिटिश वसाहतींची, अमेरिकेची नव्हे. परंतु तिच्याशेजारी आजच्या देशभक्त आवृत्त्या ठेवून पाहिल्या की एक गोष्ट उमगते. कात्री आणि डिंक ही एकाच हाताची साधने आहेत. सत्तेला अडचणीचे असेल ते कापावे, सोयीचे असेल ते चिकटवावे. पहिल्या रीतीत मुक्तीची कथा नाहीशी होते. दुसऱ्या रीतीत ती राहते, पण मुक्त करणाऱ्याच्या जागी आपले राष्ट्र बसते. २०२४ च्या जाहिरातीत संविधानासोबत उल्लेख होता तो १७९१ च्या पहिल्या दहा दुरुस्त्यांचा. गुलामगिरी रद्द करणाऱ्या १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीचे नाव त्या यादीत नव्हते. मुद्दाम वगळले असे आमचे म्हणणे नाही. बहुधा कोणाला आठवलेच नसेल. न आठवणे हेच त्याचे दुखणे आहे.

आता या सरमिसळीत इतिहासाचे काय होते ते पाहू. अमेरिकेची स्थापनाच ख्रिस्ती राष्ट्र म्हणून झाली, असा या जोडणीचा गर्भितार्थ असतो. वस्तुस्थिती इतकी सरळ नाही. १७८७ च्या संविधानात, कालनिर्देशातील रूढ शब्द सोडले तर, देवाचा उल्लेख नाही. उलट सार्वजनिक पदासाठी धर्माची अट घालता येणार नाही, असे त्याच्या सहाव्या कलमात स्पष्ट आहे. ट्रिपोलीशी झालेल्या आणि १७९७ साली सिनेटने एकमताने संमत केलेल्या तहात, हे सरकार कोणत्याही अर्थाने ख्रिस्ती धर्मावर आधारलेले नाही, अशी कबुली आहे. ध्वजप्रतिज्ञा १८९२ साली फ्रान्सिस बेलामी यांनी लिहिली. ते स्वतः बाप्टिस्ट धर्मोपदेशक, तरी त्यांनी तीत देवाचे नाव घातले नव्हते. ते घातले गेले १९५४ साली, शीतयुद्धाच्या काळात, निरीश्वरवादी रशियाहून आपण वेगळे आहोत हे दाखवण्यासाठी. देवावर भरवसा ठेवणारे राष्ट्रीय बोधवाक्य अधिकृत झाले ते १९५६ साली. आणि संविधानाच्या उद्देशिकेतच सर्वशक्तिमान देवाचे आवाहन करणारे एक संविधान अमेरिकेच्या भूमीवर एकदा लिहिले गेले होते. ते १८६१ सालचे, गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणेकडील राज्यांचे.

या तपशिलांवरून अमेरिकेच्या घडणीत ख्रिस्ती श्रद्धेचा वाटा नव्हता, असा निष्कर्ष कोणी काढू नये. तो फार मोठा होता. परंतु इतिहास हा वादाचा, पुराव्याचा आणि दुरुस्तीचा प्रांत आहे. इतिहासकाराचे आजचे विधान उद्या खोडले जाऊ शकते, नव्हे ते खोडता आले पाहिजे. तेच विधान शास्त्राच्या कातडी पुठ्ठ्यात गेले की त्याच्यावर बोट ठेवणे हे अश्रद्धेचे लक्षण ठरते. इतिहासाला शास्त्राचे सोवळे नेसवले की तो इतिहास उरत नाही.

आणि शास्त्राचे काय होते? ‘इतिहास’ या नावाच्या दुसऱ्या पुस्तकातील सातव्या अध्यायाचे चौदावे वचन अमेरिकेत राष्ट्रीय प्रार्थनांच्या प्रसंगी वारंवार ऐकू येते. शलमोनाने मंदिर बांधून पुरे केल्यावर परमेश्वर त्याला सांगतो, की माझे लोक नम्र होऊन आपल्या दुष्ट मार्गांपासून वळतील तर मी त्यांच्या देशाला बरे करीन, असा त्याचा भावार्थ. १९८१ साली रेगन यांनी शपथ घेतली ती आपल्या आईच्या बायबलमधील याच पानावर हात ठेवून. यातले ‘माझे लोक’ म्हणजे कोण? मूळ संदर्भात इस्राएल. ख्रिस्ती परंपरेत देशोदेशींचा विश्वासी समाज. अमेरिकन नागरिकसंघ हा अर्थ कोणत्याच परंपरेत बसत नाही. शिवाय वचनाचा गाभा आहे तो दुष्ट मार्गांपासून वळण्यात. राष्ट्रीय सोहळ्यात तो शब्द उच्चारला जातो, पण वळायचे ते बहुधा विरोधी पक्षाने, परक्याने, अश्रद्धाने. सोहळा मांडणारा आपल्या जागी उभाच असतो. ज्या शास्त्राने आपल्याला प्रश्न विचारायचा, त्याच्याकडून आपण प्रशस्तिपत्र लिहून घेतो. आमच्या मते या साऱ्या प्रकरणातला खरा तोटा हा आहे, आणि तो आधी श्रद्धावंताचा आहे.

याच देशात दुसरी एक परंपरा आहे, म्हणून तर हे म्हणता येते. ५ जुलै १८५२ रोजी रॉचेस्टर येथे फ्रेडरिक डग्लस यांना राष्ट्रदिनानिमित्त बोलायला बोलावले गेले. स्वतः गुलामीतून निसटलेला हा वक्ता. त्याने बाबेलच्या बंदिवासातील इस्राएलांचे स्तोत्र आठवले. पाडाव करून आणलेल्यांना आनंदाचे गाणे म्हणायला सांगणारे जे होते, त्यांच्या जागी त्याने समोरचे श्रोते बसवले. तुमचा हा सण माझ्या लोकांचा कोण लागतो, असा त्याचा सवाल होता. त्याने जाहीरनाम्याची निंदा केली नाही. बायबलची तर नाहीच. दोन्ही हातांत घेऊन त्याने राष्ट्राला आरशासमोर उभे केले.

४ मार्च १८६५ रोजी लिंकन यांनी दुसऱ्यांदा अध्यक्षपदाची शपथ घेतली, तेव्हाचे भाषण जेमतेम सातशे शब्दांचे आहे. युद्ध जिंकत आले होते. देव आमच्या बाजूने होता असे म्हणायला त्याहून योग्य मुहूर्त नव्हता, आणि श्रोत्यांना तेच हवे असणार. लिंकन तसे म्हणाले नाहीत. दोन्ही पक्ष तेच बायबल वाचतात, त्याच देवाला आळवतात, आणि दोघांचीही प्रार्थना पुरती सफल झालेली नाही, कारण देवाचे हेतू त्याचे स्वतःचे असतात, असा त्यांचा आशय होता. हे युद्ध म्हणजे गुलामांच्या अडीचशे वर्षांच्या विनामोबदला श्रमांची किंमत असेल तर तीही न्याय्यच, इतके कठोर विधान विजयाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या राष्ट्रप्रमुखाने केल्याचे दुसरे उदाहरण आम्हांस तरी ठाऊक नाही. आपल्यात आणि देवाच्या हेतूत अंतर आहे हे दाखवून दिलेले माणसांना आवडत नाही, असे काही दिवसांनी त्यांनी एका पत्रात लिहिले. पुढच्याच महिन्यात त्यांची हत्या झाली. शंभर वर्षांनी, २८ ऑगस्ट १९६३ रोजी, मार्टिन ल्यूथर किंग यांनी जाहीरनाम्यातील वचन आणि आमोस व यशया या संदेष्ट्यांची वाणी एकाच भाषणात गुंफली. राष्ट्राने दिलेली हुंडी वटलेली नाही, हे सांगण्यासाठी.

येथे एक रास्त आक्षेप उभा राहतो. डग्लस, लिंकन, किंग यांनीही देश आणि शास्त्र एकत्र केलेच की. मग त्यांची स्तुती आणि २००९ च्या संपादकांची निंदा, हा दुटप्पीपणा नव्हे काय? आम्हांस वाटते, नव्हे. मिसळणे हा दोष नाही. कोण कोणाला जाब विचारतो, यावर सर्व अवलंबून आहे. त्या तिघांच्या बोलण्यात शास्त्र राष्ट्राच्या बाहेर, त्याच्याहून उंच जागी उभे आहे, म्हणून ते राष्ट्राला दोष देऊ शकते. देशभक्त आवृत्तीत राष्ट्र शास्त्राच्या आत येऊन बसते. आत बसलेल्याला बाहेरून कोण विचारणार?

दुसरा आक्षेप असा, की ज्याला हवे तो विकत घेईल, नको तो घेणार नाही. यात इतरांचे काय जाते? ओक्लाहोमा राज्यात २०२४ साली जे घडले ते याचे उत्तर आहे. जूनमध्ये तेथील शिक्षणप्रमुखांनी सरकारी शाळांत बायबल शिकवण्याचा आदेश काढला. त्यानंतर पंचावन्न हजार प्रतींच्या खरेदीच्या निविदेत अट आली की प्रत ‘किंग जेम्स’ भाषांतराची असावी, बांधणी चामड्याची किंवा तत्सम असावी, आणि तीत जाहीरनामा, संविधान, बिल ऑफ राइट्स व ध्वजप्रतिज्ञा समाविष्ट असावीत. टीका झाल्यावर ती अट सैल करण्यात आली. आदेशाविरुद्ध न्यायालयात गेलेल्यांत पालक आणि शिक्षक होते, तसे धर्मोपदेशकही होते. मार्च २०२५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने खरेदीला स्थगिती दिली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नव्या शिक्षणप्रमुखांनी आदेश मागे घेतला. प्रकरण मिटले. पण खाजगी देवघरातली बांधणी सरकारी निविदेची अट व्हायला किती थोडा अवधी पुरतो, हे दिसून गेले. त्या वर्गात बसलेल्या यहुदी, मुसलमान, हिंदू किंवा नास्तिक घरातल्या मुलाने संविधान वाचायचे तर ते दुसऱ्याच्या धर्मग्रंथाच्या मागील पानांत शोधायचे. जे त्याचे स्वतःचे आहे ते त्याला पाहुणा म्हणून मिळणार.

अमेरिकेच्या या प्रकरणात आम्ही मराठी लोकांनी पडण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. कारण जुने आहे. १८७३ साली महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केले ते अमेरिकेतील सदाचारी जनांना, आणि तेही एका कृत्याबद्दल, गुलामांना मुक्त केल्याबद्दल. त्या अर्पणात राष्ट्राची स्तुती आहे ती त्याने स्वतःच्या पापाविरुद्ध केलेल्या कामाची. ते देवाचे लाडके राष्ट्र आहे म्हणून नव्हे. १८८६ साली अमेरिकेला गेलेल्या पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ प्रसिद्ध केले. त्या ख्रिस्ती झालेल्या होत्या, अमेरिकेविषयी त्यांना अपार आदर होता, तरी तेथील वर्णद्वेष त्यांनी झाकून ठेवला नाही. याच रमाबाईंनी पुढे केडगावी बसून, मूळ भाषांचा आधार घेत, साध्या बायाबापड्यांना कळेल असे बायबलचे मराठी भाषांतर केले. त्या कामात त्यांनी आयुष्याची अखेरची वर्षे वेचली.

आणि रेव्हरंड टिळक? देशप्रेम आणि ख्रिस्तभक्ती त्यांच्या कवितेत एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत. तुकोबांचे ऋण मानून ख्रिस्ताला अभंगातून आळवणारा हा कवी आमच्या म्हणण्याला अपवाद तर नव्हे? आम्ही त्यांना पुन्हा वाचले ते या शंकेने. फरक ध्यानात आला तो असा. टिळकांनी ख्रिस्ताला मराठी बोली दिली. हिंदुस्थान हे ख्रिस्ताचे निवडलेले राष्ट्र आहे, असे प्रमाणपत्र त्याच्याकडून मागितले नाही. त्यांच्या हाती सत्ता नव्हती. देश परक्यांचा, मिशनची चाकरीही परक्यांची, आणि १९१७ साली तीही सोडून ‘देवाचा दरबार’ मांडण्याची त्यांची धडपड. आपली भाषा देवाला देणे आणि आपला झेंडा देवाच्या हाती देणे, या दोन गोष्टी दिसायला जवळ असल्या तरी एक नव्हेत. पहिलीत देणारा वाकतो. दुसरीत देवाला वाकावे लागते.

२०२६ हे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचे अडीचशेवे वर्ष. अशा वर्षी सुशोभित ग्रंथ निघतात, निघावेत. जाहीरनामा सुंदर छापावा, बायबलही सुंदर छापावे, आणि ज्याला दोन्ही प्रिय असतील त्याने ते एकाच फळीवर शेजारी शेजारी ठेवावेत. फक्त दोन पुस्तकांच्या मध्ये बोटभर जागा राहू द्यावी. एकातून दुसऱ्याला प्रश्न विचारायचा, तर तेवढे अंतर लागते. डग्लस त्या अंतरात उभे राहून बोलले, लिंकनही. पुठ्ठा एकच झाला की उभे राहायला ती जागा उरत नाही. हे आम्ही अमेरिकेपुरते लिहिले आहे. आपल्या फळीवर कोणती पुस्तके एकमेकांना चिकटत चालली आहेत, हे ज्याने त्याने आपापल्या घरी पाहावे.